बांधीव विहिरीवरचा कुरव

विहिरीत पाणी असतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. आमची मात्र पाण्यात विहीर आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळा तालुक्याच्या अंगाला, भीमेच्या जुन्या पात्रापासून दोन-अडीचशे पावलांवर. धरण नीट भरलं की तिच्यावर तीन पुरुष पाणी चढतं आणि वरून भोयांच्या होड्या जातात. एप्रिल-मेला पाणी लई उतरलं तर कधीमधी तिचं थारोळं आणि धावेचे दगड उघडे पडतात. तेवढ्यापुरतं मी जाऊन बसून येतो. बायको म्हणते, माहेरला जाऊन आलात का?

२०२३ चा पावसाळा कोरडा गेला. धरण साठ टक्क्यांच्या आसपास भरलं आणि तिथंच थांबलं. दिवाळीपासूनच पाणी मागं सरायला लागलं, आणि २०२४ च्या जानेवारीत उपयुक्त साठा संपायला आला. जी विहीर मे महिन्यात दिसायची ती ऐन थंडीत वर आली. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. थंडीतले पाहुणे पक्षी आणि आमची विहीर यांची गाठ तोवर पडलीच नव्हती, कारण विहीर वर येईतो ते पक्षी निघून गेलेले असायचे. त्या जानेवारीत ती गाठ पडली. थारोळ्याच्या दगडावर एक कुरव येऊन बसला आणि त्याचं नाव ठरवता ठरवता मला दोन महिने लागले.

त्याची हकीकत सांगायची तर आधी विहिरीची सांगावी लागते.

विहीर माझ्या आज्यानं बांधली. वडार लोक बोलावून काळा दगड फोडून घेतला आणि तळापासून वरपर्यंत घडीव दगडानं बांधून काढली. दोन मोटा चालायच्या. मला आठवतं ते थारोळं म्हणजे अंघोळीची जागा. मोट वर आली की पाणी धबाल्दिशी थारोळ्यात पडायचं आणि आम्ही पोरं त्याखाली उभी. मोटकरी ओरडायचा, पण मनातून त्यालाही गंमत वाटायची.

७ मार्च १९६६ ला यशवंतराव चव्हाणांच्या हातून उजनी धरणाची पायाभरणी झाली. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. आमच्या गावातले लोकही बैलगाड्या जुंपून बघायला गेले होते म्हणतात. आपल्याच घराच्या बुडण्याचा नारळ फुटताना बघायला गेले, असं आता म्हणता येतं, तेव्हा कुणाला तसं वाटलं नाही. दुष्काळी मुलूख. पाणी येणार म्हटल्यावर माणूस हरखणारच. पुढं मोजण्या झाल्या, पंचनामे झाले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, आमचे कागद त्याच्या आधीच लिहून झालेले होते.

आमच्या रानाचा पंचनामा झाला तो भर पावसाळ्यात. विहीर काठोकाठ भरलेली, कडेनं गवत माजलेलं. लिहायला आलेला माणूस छत्री धरून बांधावरच उभा राहिला. चिखलात कोण उतरणार? तिथूनच त्यानं विचारलं, विहीर किती? वडील म्हणाले, एक. त्यानं लिहिलं. वडिलांनी अंगठा उठवला. पुढं नक्कल हातात आली तेव्हा मी सातवीत होतो. वडील म्हणाले, वाच. मी मोठ्यानं वाचलं, "विहीर एक, कच्ची."

वडिलांनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. मी चुकतोय असं त्यांना वाटलं. मग बराच वेळ गप्प बसले. कच्च्या आणि बांधीव विहिरीच्या मोबदल्यात फरक होता, तो तर बुडालाच. पण त्यांना लागलं ते दुसरंच. "माझ्या बापानं दगड वाहिलं रं," एवढंच म्हणाले. अर्ज केला. दोन-तीन वर्षं अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. विहीर समक्ष दाखवा असं उत्तर आलं तोवर आम्ही गावठाण सोडलेलं होतं आणि दाखवायला विहीरच उरली नव्हती. धरण १९८० ला पुरं झालं असं कागद सांगतो. आमच्या रानात पाणी त्याच्या आधीच शिरलं होतं.

एका शब्दाचा असा अनुभव घरात असल्यामुळं असेल, पण मला लिहिताना हात आखडता घ्यायची खोड लागली. दहावी झालो ती १९७६ साली, नवी दहावी नुकतीच सुरू झाली होती. पुढं शिकणं झालं नाही. पण वही ठेवायची सवय लागली. पाऊस किती, गाळपेरीला काय पेरलं, भाव काय मिळाला, आणि पुढं पुढं पक्षी.

पक्ष्यांचं असं झालं. धरणाआधीची भीमा मी पाहिलेली आहे. पावसाळ्यात दोन्ही काठ घेऊन जायची आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटून पडायची. वाळूत टिटव्या, डोहावर नदीची सुरय, कडेला बगळे, ढोक. एवढंच आमचं पाखरांचं गोत. पाणी तुंबलं, त्याला काठाचा गाळ लाभला, त्यात शेवाळ, किडे, मासे झाले आणि हळूहळू लांबलांबचे पाहुणे यायला लागले. पट्टकादंब हिमालय ओलांडून आले. रोहित आले, ज्यांना आता सगळे फ्लेमिंगो म्हणतात. पलीकडच्या काठाला भिगवण, डिकसळ, कुंभारगाव इथं आता सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात आणि भोयांची पोरं होडीतून पक्षी दाखवतात. ज्या पाण्यानं घर नेलं त्या पाण्यानं पोरांना धंदा दिला. तेही खरंच आहे.

त्या पाहुण्यांत कुरवही आले. कुरव म्हणजे समुद्रकाठचा पक्षी अशी आपली समजूत. मुंबईला बोटीमागं उडतात ते. आमच्याकडं त्यांना नावच नव्हतं. कुणी पांढरा कावळा म्हणे, कुणी सरळ बगळाच म्हणे. एका मास्तरांनी जुनी दुर्बीण दिली आणि मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' हाती लागला, तेव्हा कळलं की हे कुरव, आणि यांत जाती आहेत. चितमपल्ली आमच्या सोलापूरचेच, याचं मला उगीच बरं वाटतं.

उजनीवर थंडीत नेहमी दिसतात ते तपकिरी डोक्याचे कुरव. तिबेट, लडाखकडच्या उंचावरच्या तळ्यांवर अंडी घालतात आणि थंडी घालवायला खाली येतात. त्यांच्यात थोडे काळ्या डोक्याचे असतात, ते युरोप आणि उत्तर आशियाकडचे. आणि कधीतरी एखादा दांडगा, घारीएवढा, पल्लासचा कुरव दिसतो. पल्लास नावाच्या शास्त्रज्ञानं १७७३ साली कास्पियन समुद्राकडच्या पक्ष्यावरून त्याचं वर्णन लिहिलं. त्यानं त्याला जे शास्त्रीय नाव दिलं त्याचा अर्थ मत्स्यगरुड असा होतो. तो एकदा बघितला की माणूस विसरत नाही.

आता गंमत बघा. ही डोकी तपकिरी आणि काळी असतात ती उन्हाळ्यात, विणीच्या वेळी. आपल्याकडं ते असतात थंडीत, आणि थंडीत दोघांचीही डोकी पांढरीफटक. फक्त कानामागं एक काळपट डाग उरतो, पोराला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तसा. म्हणजे ज्या गोष्टीवरून नाव पडलं तीच गोष्ट आपल्या वाट्याला येत नाही. त्यात आणखी एक. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं उन्हाळ्यातही काळं नसतंच, चॉकलेटी असतं. खरं काळंभोर डोकं त्या पल्लासवाल्याचं. काळ्या डोक्याचा असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानंही बांधावर उभं राहूनच लिहिलं असावं.

मग थंडीत ओळखायचं कसं? तपकिरी डोक्याच्या थोराड पक्ष्याचा डोळा फिका, पिवळसर. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद. आणि खरी ओळख पंखात. तपकिरीवाल्याच्या पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके, आरशाचे तुकडे बसवल्यासारखे. काळ्यावाल्याच्या पंखाची पुढची कड लांबवर पांढरी, पाचरीसारखी, आणि टोकाला नुसती काळी किनार. पण पक्षी बसलेला असला की पंख मिटलेले. मग सगळे भाऊभाऊ.

जानेवारीचा दुसरा आठवडा असेल. थंडी चांगली पडलेली. ज्वारीला पाणी द्यायची पाळी रात्रीची होती, ती उरकून सकाळी मी तसाच विहिरीकडं गेलो. पाणी थारोळ्याच्या खाली वीतभर उतरलं होतं. विहिरीचा काठ, थारोळं आणि धावेचा वरचा तुकडा एवढंच बेटासारखं वर आलेलं, आणि त्यावर पस्तीस-चाळीस कुरव दाटीनं बसलेले. मी काठाला उकिडवा बसलो आणि दुर्बीण लावली.

सगळे तपकिरीवाले. डाग, डाग, डाग, असं मोजत गेलो. थारोळ्याच्या कोपऱ्यावर एकाला डागच नव्हता.

डोळा फिका होता. म्हणून मी आधी वहीत लिहिलं, तपकिरी डोक्याचा, डाग नाही. पण लिहून झाल्यावरही मन मानेना. त्याची चोच लांब वाटत होती, आणि कपाळ उताराचं. बाकीच्यांचं कपाळ गोल उठलेलं, याचं चोचीपासून सरळ माथ्यापर्यंत चढत गेलेलं. मानही लांब. पाण्यात उतरला तेव्हा मान ताणून चालला, जसा गर्दीत एखादा उंच माणूस टाचा वर करून बघत जातो. छातीवर अगदी हलकी गुलाबी झाक. उन्हाचीही असेल म्हणून ती मी लिहिली नाही.

घरी येऊन पुस्तकं काढली. एक नाव सारखं समोर यायला लागलं, सडपातळ चोचीचा कुरव. हा भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कास्पियन, इराण अशा खाऱ्या पाण्याकडचा. थंडीत आपल्याकडं येतो तो गुजरातच्या किनाऱ्याला, मिठागरांवर, तिथं भरपूर. पण किनारा सोडून दख्खनच्या पठारावर, गोड्या पाण्याच्या धरणावर म्हणजे क्वचितचा. मी वहीतली ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी ओळ लिहिली, सडपातळ चोचीचा असेल काय?

दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, सगळ्या आशियाभर, १९८७ पासून चालू आहे. आमच्या बाजूच्या गणनेला पुण्याच्या कॉलेजातली एक पोरगी येते. चिकाटीची आहे. तिला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी एसटीनं आली, चिखलात माझ्याशेजारी तीन तास बसली, फोटो काढले आणि म्हणाली, "काका, तुम्ही म्हणता तसंच वाटतंय. पण सगळ्या फोटोंत पंख मिटलेला आहे. मी नुसतं 'बहुधा' लिहू शकते."

मला तिचा तो शब्द फार आवडला. बहुधा. आमच्या पंचनाम्यात हा एक शब्द असता तरी पुढं भांडायला जागा राहिली असती.

तिनंच मला जुन्या काळच्या गोष्टी सांगितल्या. इंग्रजांच्या राज्यात पक्षी ओळखायची रीत म्हणजे बंदूक. पाडायचा, हातात घ्यायचा, मोजायचा, कातडं भरून ठेवायचं. काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारा ॲलन ह्यूम, तोच पक्ष्यांचाही मोठा जाणकार. 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक चालवायचा. दख्खनच्या पक्ष्यांवरचा डेव्हिडसन आणि वेंडन या दोघांचा लेख १८७८ साली त्यातच छापलेला. ह्यूमनं आपला पक्ष्यांचा सगळा संग्रह पुढं लंडनच्या म्युझियमला देऊन टाकला, तो १८८५ साली, म्हणजे काँग्रेसच्या जन्माच्याच वर्षी. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४० चं, ते मद्रासकडच्या जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टरनं केलेलं. आणि आमच्या सडपातळ चोचीवाल्याचं त्याच्या एकच वर्ष आधी, १८३९ चं, इटलीकडच्या सार्डिनिया बेटावरच्या पक्ष्यावरून. त्याच्या शास्त्रीय नावात जेने नावाच्या इटालियन प्राध्यापकाचं नाव आहे. सार्डिनिया कुठं आणि आमचं थारोळं कुठं!

हातात पक्षी असला की वाद मिटतो हे खरं. पण तो पक्षीही मिटतो. आता बंदूक नाही, तर वाट बघायची.

वाट बघण्यात अडचण होती ती माझ्या पुतण्याची. तो डिकसळच्या जुन्या रेल्वेपुलापलीकडं होडी चालवतो, पर्यटक फिरवतो. त्याला कुणकुण लागली. संध्याकाळी घरी आला.

"तात्या, दुर्मिळ पक्षी आलाय म्हनं आपल्या हिरीवर?"

"अजून ठरलं न्हाई."

"ठरायचं काय त्यात? रविवारी पुण्याची पार्टी हाय. मोठ्ठे क्यामेरेवाले. आणतो."

"नावाची खात्री हून दे. उद्या साधा निघाला तर तुझंच हसं हुईल."

तो चिडला. "तुमचं नाव हुईस्तवर पाखरू उडून जाईल, तात्या. माझ्या होडीचा हप्ता थांबनार न्हाई."

त्याचंही खोटं नव्हतं. त्या साली पाणी इतकं मागं गेलं होतं की होड्या लावायला जागा राहिली नव्हती, पर्यटक कमी झाले होते. तरी मी नको म्हणालो. विहीर उघडी, काठाचे दगड निसटलेले, कुणी पाय घसरून आत पडलं तर? हेही कारण होतं. पण खरं कारण ते नव्हतं, हे मला आणि त्यालाही कळत होतं. मला घाईत लिहिलेलं काही त्या विहिरीच्या नावावर पुन्हा चढू द्यायचं नव्हतं.

पुतण्यानं ऐकलं नाही. रविवारी सकाळी मी पोचलो तर पलीकडून होडी येत होती, इंजिन चालू, सात-आठ माणसं, हातभर लांब भिंगं. त्यातल्या एका पोरानं कुरवांना जवळ बोलवायला गाठ्या फेकल्या. ही एक वाईट खोड लागली आहे लोकांना. पाखराला मासा खायचा असतो, हे त्याला बेसन चारतात. मी काठावरून हात करून ओरडत होतो. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

होडी जवळ आली आणि अख्खा थवा उठला.

मी दुर्बीण सोडली नाही. थारोळ्याच्या कोपऱ्यावरच धरून ठेवली होती. तो उठला, एक वळण घेतलं, आणि कलत्या उन्हात पंख पुरा उघडला. पुढची कड पांढरी. लांब पांढरी पाचर, टोकाला काळी किनार. आरशाचे ठिपके नाहीत. शेजारून तपकिरीवाले चालले होते, त्यांचे ठिपके लख्ख दिसत होते, म्हणजे माझ्या दिसण्यात चूक नव्हती.

मी मटकन खाली बसलो. डोळा तपकिरीवाल्यासारखा फिका, पंख काळ्यावाल्यासारखा. नुसता डोळा बघितला तर तो एक वाटतो, नुसता पंख बघितला तर दुसरा. दोन्ही एकाच अंगावर असले तर तो दोघांतला कुणीच नाही. मी तीन सकाळी थंडीत बसून जे दिसलं नाही ते पुतण्याच्या आगाऊपणानं पाच सेकंदांत दिसलं. माझं शहाणपण बाजूलाच राहिलं. तेही वहीत लिहिलं आहे.

पण वाद मिटला नाही. होडीतले एक वयस्कर गृहस्थ, अनुभवी दिसत होते, ते म्हणाले की हा काळ्या डोक्याचाच, कानामागचा डाग पुसट झालाय इतकंच, असे निघतात. डोळ्याचं काय, विचारलं तर म्हणाले, लांबून डोळ्याचा भरवसा नाही. मला राग आला. मग वाटलं, बरोबरच बोलतायत. डोळा मी दुर्बिणीतून पाहिलेला, फोटोत तो नुसता ठिपका. मी पाहिलं म्हणून त्यांनी का मानावं? वडिलांनीही विहीर पाहिली होतीच की.

रात्री कॉलेजातल्या पोरीशी बोललो. तिनं रविवारचे फोटो मागवून घेतले होते, पंख स्पष्ट होता. ती म्हणाली, "काका, अजून एक उपाय आहे. तो थांबला पाहिजे मात्र. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकीच्यांची डोकी रंगायला लागतील. सडपातळ चोचीच्या कुरवाचं डोकं कधीच रंगत नाही, विणीतही पांढरंच राहतं."

म्हणजे आता त्यानं थांबायचं आणि मी बघत राहायचं.

पुढं उपयुक्त साठा संपून धरण मृतसाठ्यात गेलं. उजनीचं एक लक्षात घ्या, ११७ टीएमसीचं धरण म्हणतात, पण त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर मृतसाठाच आहे. त्यातूनही पाणी काढतात, तेव्हा 'उणे' टक्के म्हणून पेपरात आकडा येतो. उणे टक्क्यांत आमची विहीर कोरड्यावर आली, पाणी तिच्यापासून लांब सरकत गेलं, आणि कुरव पाण्याबरोबर गेले. मला रोज थोडं थोडं लांब चालावं लागायचं. गाळाला भेगा पडलेल्या, वर हिरवट पापुद्रा. पुण्याचं सगळं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं, त्याचा वास पाणी आटलं की जास्तच येतो. त्यात मेलेली चिलापी. त्या चिखलाच्या कडेनं पांढऱ्या पाखरांची ओळ बसलेली असायची आणि मी एकेक डोकं तपासत जायचो. काही दिवस तो दिसायचा, काही दिवस नाही. फेब्रुवारीच्या शेवटी सलग नऊ दिवस दिसला नाही. मी मनातून सोडून दिलं होतं.

त्या नऊ दिवसांत एक काम केलं. पाणी नाहीच, तर विहीर साफ करावी म्हणून मी, मुलगा आणि पुतण्या, तिघं खोरं-पाटी घेऊन गेलो. पुतण्या आपणहून आला, मी बोलावलं नव्हतं. आत गाळ काठापासून दोन हातांवर होता. तो कडेकडेनं उकरत गेलो तसे घडीव दगडांचे थर उघडे पडायला लागले. एक, दोन, पाच, सात. सांध्यातला चुना कुठं कुठं शाबूत. सात थर मोजले आणि थांबलो, खाली ओल लागली. पुतण्यानं आपल्या फोनवर चारी बाजूंनी फोटो काढले. मग म्हणाला, "तात्या, ह्ये कुनाला दाखवायचं आता?"

मुलगा म्हणाला, "राहू दे की. असू दे."

मार्चच्या मध्यावर, तुरीच्या कामातून एक सकाळ सुटी काढून पुन्हा गेलो. पाण्याच्या कडेला शंभरेक कुरव. बहुतेकांच्या डोक्यावर तपकिरी टोपडी चढलेली, कडेला गडद गोट, काहींची अर्धवट, नवरदेवाचं मुंडासं बांधता बांधता सुटावं तशी. काळ्या डोक्याचे दोन होते, चॉकलेटी. आणि त्यांच्या पलीकडं, थोडा बाजूला, एकच पांढरं डोकं. पाक पांढरं. ना डाग, ना टोपडं. मान उंच, कपाळ उताराचं. चोच आता गडद लाल दिसत होती. छातीवरची गुलाबी झाक आता उन्हाची नाही हे मला सावलीतही दिसलं, तेव्हा ती लिहिली.

पोरीला फोन लावला. तिनं दोनच गोष्टी विचारल्या, डोकं पूर्ण दिसलं का आणि किती वेळ. म्हटलं, पाऊण तास. ती म्हणाली, "मग 'बहुधा' काढते, काका."

रविवारच्या त्या वयस्कर गृहस्थांनाही पुतण्यानं फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, माझी चूक झाली, तुमच्या काकांना सांगा. मला हा माणूस मोठा वाटला. पंचावन्न वर्षांपूर्वी बांधावर त्यांच्यासारखा कुणी उभा असता तर, असं मनात आलं. पण ते जाऊ दे.

एप्रिलला कुरव गेले. कोणता कोणत्या दिवशी गेला ते सांगता येत नाही, एका सकाळी कडेला फक्त टिटव्या होत्या.

वहीत मी त्याची नोंद स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढली. जुन्या ओळी तशाच ठेवल्या, खोडल्या नाहीत, नुसत्या पुढं तारखा घातल्या. पक्ष्याचं नाव, डोळा, चोच, पंख, डोकं, कोणत्या दिवशी काय दिसलं. गणनेच्या नमुन्यात ठिकाण लिहायला एक रकाना असतो. पोरगी म्हणाली होती, तिथं जवळची खूण लिहा, म्हणजे पुढच्याला सापडेल. मी लिहिलं, "उजनी जलाशय, करमाळा बाजू, जुनी विहीर, बांधीव, थारोळ्यावर."

जुलै सरता सरता वरच्या धरणांचं पाणी सुटलं. भीमा फुगून आली. पुतण्याची होडी पुन्हा पाण्यात गेली आणि चार दिवसांत थारोळं दिसेनासं झालं.